रोमन साम्राज्यात शिरलेल्या टोळ्या आणि आरंभीचे ख्रिस्ती इतिहासकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यात नेमके कोणते लेखक मोडतात?

साधारण ३२५ ते ६२५ या तीनशे वर्षांतले. लॅटिनमध्ये लिहिणारे जेरोम, ऑगस्टीन, ऑरोसियस, प्रॉस्पर, हायडेशियस, साल्व्हियन, व्हिक्टर, आणि नंतरचे तूरचा ग्रेगरी व सेव्हिलचा इसिदोर. ग्रीकमध्ये लिहिणारे युसेबियस, सॉक्रेटिस, सोझोमेन, थिओडोरेट आणि फिलोस्टॉर्जियस. (हा सॉक्रेटिस पाचव्या शतकातला, कॉन्स्टँटिनोपलचा. विषाचा प्याला घेणारा तो नव्हे.) काटेकोरपणे पाहिले तर यांतले निम्मे इतिहासकार नाहीतच. कोणी बिशप, कोणी पत्रलेखक, कोणी प्रवचनकार. पण गॉथ, व्हँडाल, हूण यांच्याबद्दल आज जे सांगितले जाते त्यातला मोठा भाग यांच्याच लिखाणातून आलेला आहे, म्हणून यादीतून कोणाला वगळता येत नाही.

टोळ्या आत शिरल्या, यात ख्रिस्ती लेखकांची एवढी अडचण काय झाली?

युसेबियसने मांडून ठेवलेली चौकट. कॉन्स्टंटाईन ख्रिस्ती झाला, छळ संपला, साम्राज्य आणि चर्च एकाच ईश्वरी योजनेचे दोन हात ठरले, असे त्याने ३२५ च्या सुमारास लिहून ठेवले. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सम्राट ख्रिस्ती, देवळांतले बळी बंद, आणि नेमक्या त्याच काळात एड्रियानोपलला सम्राट मारला गेला, रोम लुटले गेले, आफ्रिका हातची गेली. जुन्या धर्माचे लोक म्हणू लागले, देव सोडलेत म्हणून ही वेळ आली. सन ५०० च्या सुमारास लिहिणारा झोसिमस अजूनही तेच म्हणतो.

म्हणजे टोळ्यांबद्दल लिहिणारा ख्रिस्ती लेखक जवळजवळ नेहमी कोणाला तरी उत्तर देत असतो. जुन्या धर्मवाल्यांना, एरियन पंथाच्या ख्रिस्त्यांना, नाहीतर आपल्याच सुस्तावलेल्या भाविकांना. तो कोणाशी भांडतोय हे आधी शोधले नाही, तर त्याचा आकडाही कळत नाही आणि त्याचे अश्रूही.

३७६ सालच्या डॅन्यूब ओलांडण्याबद्दल ते काय सांगतात?

घटना थोडक्यात अशी. हुणांच्या दबावाने गॉथांच्या टोळ्या साम्राज्याची सीमा असलेल्या डॅन्यूब नदीच्या उत्तर काठावर आल्या. फ्रिटिगर्न आणि अलाव्हिव्हस या गॉथ सरदारांच्या लोकांना सम्राट व्हॅलेन्सने आत घेतले. धान्य पुरवले गेले नाही, उपासमार झाली, बंड पेटले आणि ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियानोपलजवळ रोमन सैन्याचा चुराडा होऊन व्हॅलेन्स मेला.

सगळ्यात तपशीलवार वर्णन अम्मियानस मार्सेलिनसचे, आणि तो ख्रिस्ती नाही. लुपिसिनस आणि मॅक्सिमस हे अधिकारी उपाशी गॉथांना कुत्री विकत होते आणि एकेका कुत्र्याच्या बदल्यात एकेक माणूस गुलाम म्हणून घेत होते, हे त्याच्याकडून कळते. सैन्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग वाचला, हेही त्याचेच.

ख्रिस्ती लेखकांनी हा भ्रष्टाचार झाकला, असे बरेचदा म्हटले जाते. ते बरोबर नाही. जेरोमची कालक्रमाची नोंदवही आणि ऑरोसियस, दोघेही मॅक्सिमसच्या लोभाने आणि उपासमारीने गॉथ बंडाला उभे राहिले असे स्वच्छ लिहितात. सॉक्रेटिस तर त्यामागचा हिशेबही सांगतो. गॉथ फुकटात सैनिक म्हणून मिळणार, म्हणून व्हॅलेन्सने गावांकडून माणसे घेण्याऐवजी प्रत्येक शिपायामागे ८० सोन्याची नाणी घ्यायला सुरुवात केली. खजिना भरला, जुने सैन्य मात्र दुर्लक्षित राहिले. सरकारी निर्णय नेमका कशामुळे बिघडला, याचे यापेक्षा नेमके उदाहरण त्या काळात सापडणे कठीण.

फरक पडतो तो व्हॅलेन्सच्या मरणापाशी. अम्मियानस दोन कथा देतो. संध्याकाळी सामान्य शिपायांत बाण लागून पडला, ही एक. दुसरी म्हणजे जखमी अवस्थेत शेतावरच्या एका घरात नेला, शत्रूने घर पेटवले, आणि खिडकीतून उडी मारलेल्या एकाने ही हकीगत सांगितली. ऑरोसियस फक्त जळण्याची कथा उचलतो आणि निकाल लावतो : याने गॉथांकडे एरियन शिक्षक पाठवून त्यांचे आत्मे जाळले, म्हणून त्यांनीच याला जिवंत जाळले. दोन शक्यतांतली एक गाळली की शिक्षा कशी तयार होते ते इथे उघड दिसते.

एरियन म्हणजे आर्य का?

नाही, काडीचा संबंध नाही. एरियस हा अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू. पुत्र (येशू) हा पित्याच्या (देवाच्या) बरोबरीचा नाही, अशी त्याची शिकवण. ३२५ च्या नायकिया परिषदेने ती पाखंड ठरवली, तरी व्हॅलेन्ससारखे सम्राट त्याच बाजूचे होते आणि गॉथांना ख्रिस्ती धर्म याच वळणाने मिळाला. उल्फिलासने त्यांच्यासाठी लिपी केली आणि बायबल भाषांतरित केले.

फिलोस्टॉर्जियस स्वतः एरियनांच्या टोकाच्या गटातला, म्हणून तो उल्फिलासबद्दल प्रेमाने लिहितो. उल्फिलासचे पूर्वज कप्पाडोसियातून गॉथांनी धरून नेलेले ख्रिस्ती कैदी होते, आणि गॉथ आधीच लढाईवेडे म्हणून त्याने राजांची पुस्तके भाषांतरातून गाळली, ही माहिती त्याचीच. त्याचा ग्रंथ आज मूळ रूपात नाही. फोटियसने नवव्या शतकात केलेला गोषवारा उरला आहे, आणि फोटियस त्याला शिव्या देत देत सारांश लिहितो.

२४ ऑगस्ट ४१० ची रोमची लूट : कोणाचे वर्णन धरावे?

राजा अलारिकच्या गॉथांनी ही लूट केली. वर्णन कोणाचेही एकट्याचे नको. तिघे तीन ठिकाणाहून बोलतात.

जेरोम बेथलेहेममध्ये होता. ‘ज्या नगरीने सगळे जग जिंकले तीच जिंकली गेली’ या अर्थाचे त्याचे प्रसिद्ध वाक्य ४१२ च्या सुमाराच्या पत्रातले, आणि ते पत्र मुळात मार्सेला या त्याच्या वृद्ध मैत्रिणीच्या मृत्यूबद्दल आहे. लपवलेले सोने काढ म्हणून तिला मारहाण झाली, तिने आपल्यासोबतच्या प्रिन्सिपियाच्या अब्रूसाठी हातापाया पडून विनवले, दोघींना संत पॉलच्या मोठ्या चर्चमध्ये पोचवण्यात आले आणि काही दिवसांत मार्सेला गेली. पत्र प्रिन्सिपियालाच लिहिलेले आहे, म्हणजे माहिती देणारी साक्षीदार समोर होती. हा भाग भरवशाचा. त्याच पत्रातल्या माणसे माणसांना खाल्ल्याच्या ओळी मात्र बायबल आणि रोमन कवी व्हर्जिल यांच्या शब्दांत विणलेल्या आहेत.

ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेत हिप्पोला होता. निर्वासित बोटींनी त्याच्या दारात आले. ‘ईश्वराची नगरी’ हा २२ भागांचा ग्रंथ त्याने ४१३ मध्ये सुरू केला. पहिल्याच भागात कत्तल, कैद, पुरण्यावाचून राहिलेली प्रेते आणि बलात्कार या सगळ्याची कबुली आहे. अत्याचार झालेल्या स्त्रियांकडे कसलाही दोष जात नाही, हे तो पानेच्या पाने सांगतो. जे घडलेच नाही त्याचा इतका खुलासा कोणी करत नाही. ऑगस्टीनच्या समर्थनातूनच लुटीचे भीषण रूप सगळ्यात जास्त कळते.

ऑरोसियस हा त्याचा तरुण सहकारी, इबेरियातून पळून आलेला. ऑगस्टीनने त्याला काम दिले : जुन्या काळातही आपत्ती होत्या, याची यादी कर. ४१७ च्या सुमारास त्याने सात भाग पूर्ण केले. त्याची लूट तीन दिवसांची आणि जवळजवळ सौजन्याची. एका गॉथाला एका वृद्ध कुमारिकेकडे संत पीटरच्या चर्चची पवित्र भांडी सापडतात. अलारिकच्या हुकमाने ती डोक्यावर घेऊन शहरभर मिरवणूक निघते आणि रोमन व गॉथ एका सुरात स्तोत्र म्हणतात. आग लागली, पण नीरोच्या आगीपेक्षा लहान, असे तो वर ऐकवतो.

गुरू आणि शिष्य दोघे एकाच बाजूचे, तरी चित्रे जुळत नाहीत. आमच्या मते हीच तफावत विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहायला हवी. मिरवणूक बहुतेक सगळेच लिहितात.

अथौल्फला ‘गॉथिया’ उभारायची होती हे खरे का?

ऑरोसियस लिहितो की अलारिकनंतरचा राजा अथौल्फ म्हणाला, आधी मला रोमचे नाव पुसून गॉथिया करायची होती, पण गॉथ कायदा पाळत नाहीत हे कळल्यावर रोमच सावरायचे ठरवले. साखळी बघा. अथौल्फ बोलला नार्बोनच्या एका गृहस्थाशी; तो गृहस्थ बेथलेहेमला जेरोमशी बोलताना ऑरोसियसने ऐकले. अथौल्फने ४१४ च्या जानेवारीत नार्बोनलाच सम्राटाच्या बहिणीशी, गाला प्लासिडियाशी लग्न केले, त्यामुळे त्या गावच्या माणसाला आतली माहिती असणे शक्य आहे. पण तोंडचे वाक्य म्हणून उद्धृत करू नये.

आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

गॉथ सरदार राडागायससची इटलीवरची स्वारी घ्या, ४०५-०६ ची. ऑरोसियस म्हणतो दोन लाखांवर गॉथ. ऑगस्टीन म्हणतो एका दिवसात एक लाखाहून जास्त कापले गेले आणि एकाही रोमनाला खरचटले नाही. झोसिमस चार लाख सांगतो. ग्रीक इतिहासकार ऑलिंपियोडोरस म्हणतो, त्यांतले निवडक १२,००० योद्धे रोमन सेनापती स्टिलिकोने आपल्या सैन्यात घेतले. पहिले दोन आकडे निकालाच्या तालात वाढलेले आहेत : राडागायसस मूर्तिपूजक, अलारिक ख्रिस्ती, देवाने पहिल्याला चिरडले आणि सौम्य असलेल्या दुसऱ्याला रोम दिले, हे दाखवायचे तर पहिला प्रचंड हवा. १२,००० कशालाही पुरावा म्हणून पुढे केलेले नाहीत, म्हणून तोच आकडा वजनदार. तरी ‘निवडक योद्धे’ इतके होते हेही जास्तच वाटते.

ऑरोसियसची एक ओळ मात्र सहज निसटून आलेली आहे. फिएसोलेच्या डोंगरावर कोंडून उपासमारीने शरण आलेले कैदी इतके झाले की माणसांचे कळपच्या कळप एकेका सोन्याच्या नाण्याला विकले गेले. गुलामांचा बाजार कोसळल्याची ही खूण कोणत्याही बेरजेपेक्षा जास्त सांगते.

व्हँडालांचे ८०,००० वेगळ्या जातीचे. ४२९ मध्ये आफ्रिकेत उतरताना व्हँडालांचा राजा गाइसेरिकने सगळ्यांची मोजणी करवली, आणि त्यात म्हातारे, मुले, गुलाम, मालक सगळे धरले, असे व्हिक्टर सांगतो. नंतर लोक हा आकडा सैनिकांचा समजून घाबरतात, अशी तक्रारही करतो. पाठ्यपुस्तकांत ‘८०,००० व्हँडाल योद्धे’ दिसले तर ती त्याच गैरसमजाची पंधराशे वर्षांनंतरची आवृत्ती आहे. इतक्या जनसमूहात लढणारे फार तर पाव भाग धरावेत.

गॉथ म्हणजे बायबलमधला गोग, असे सगळे मानत होते का?

नाही. गोग हा बायबलमधला, शेवटच्या काळात देवाच्या लोकांवर चालून येणारा शत्रू. मिलानचा बिशप एम्ब्रोसने ३७८ नंतर सम्राट ग्रेशियनसाठी लिहिताना हे समीकरण ठामपणे मांडले. जेरोमने ते मान्य केले नाही. जुने लेखक ज्यांना गेटे म्हणत तेच हे गॉथ, एवढेच म्हणाला. ऑगस्टीननेही गोग-मागोग म्हणजे अमुक टोळी असा अर्थ नाकारला. पूर्वेला मात्र ते नाणे चालत राहिले : हूण राजा रुआ वीज पडून मेला तेव्हा बिशप प्रोक्लसने बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या गोगवरच प्रवचन दिले आणि ते लोकांना फार आवडले, असे सॉक्रेटिस सांगतो.

गोठलेल्या ऱ्हाईनवरून टोळ्या आल्या, हे कोणी लिहिले?

त्या काळच्या कोणीही नाही. प्रॉस्परने ३१ डिसेंबर ४०६ या तारखेला व्हँडाल आणि अलान ऱ्हाईन ओलांडून गॉलमध्ये आले, एवढीच नोंद केली आहे. बर्फ ही अठराव्या शतकातल्या गिबन या इंग्रज इतिहासकाराची अटकळ. ऐन डिसेंबर म्हणून पटली आणि चिकटली. जेरोमच्या एका पत्रात क्वादी, व्हँडाल, सार्मेशियन, अलान, गेपिड, हेरूल, सॅक्सन, बर्गंडियन, अलेमानी अशी लांबलचक यादी आणि माइंट्सच्या चर्चमधल्या हजारोंच्या कत्तलीचा उल्लेख आहे. बर्फ तिथेही नाही.

प्रत्यक्ष टोळ्यांच्या शेजारी राहून कोणी लिहिले?

हायडेशियसने. तो आजच्या पोर्तुगालमधल्या शाव्हेसचा बिशप. त्याची नोंदवही ४६८ च्या आसपास संपते. टोळ्या स्पेनमध्ये ४०९ च्या २८ सप्टेंबरला शिरल्या की १३ ऑक्टोबरला, याबद्दल दोन मते असल्याचे तो प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. पुढे तलवार, दुष्काळ, रोगराई आणि श्वापदे या चार पीडा येतात. ही चौकट थेट बायबलची, म्हणून तिथले तपशील जपून वापरा. पण ४११ ची चिठ्ठ्या टाकून केलेली प्रांतांची वाटणी तितकीच कोरडी आहे : (व्हँडालांच्या हास्डिंग आणि सिलिंग या दोन शाखा) गॅलेशिया हास्डिंग व्हँडाल आणि सुएबींकडे, लुसितानिया व कार्थाजिनेन्सिस अलानांकडे, बेटिका सिलिंग व्हँडालांकडे.

४५६ मध्ये गॉथांनी ब्रागा लुटले तेव्हा रक्त सांडले नाही, पण चर्चमध्ये घोडे, गुरे आणि उंट बांधले, हेही तो नोंदवतो. ४६० मध्ये सुएबींनी त्यालाच तीन महिने कैदेत ठेवले. त्यावर त्याने पुराण लावलेले नाही. दोन-तीन ओळींत आटोपले आहे.

टोळ्यांची बाजू घेणारा कोणी होता का?

साल्व्हियन, मार्सेचा धर्मगुरू, ४४० च्या दशकातला. करवसुलीने पिचलेले गरीब रोमन लोक गॉथांकडे पळून जातात, त्यांची भाषा, रीत आणि अंगा-कपड्यांचा वासही सहन होत नसताना, असे तो लिहितो. व्हँडालांनी कार्थेजमधली वेश्यागृहे बंद केली म्हणून त्यांचे कौतुकही करतो. ट्रिअर शहर चारदा लुटले गेले आणि उरलेल्या प्रतिष्ठितांनी सम्राटाकडे काय मागितले? रथांच्या शर्यती.

हे वाचून साल्व्हियनला टोळ्यांचा समाजशास्त्रज्ञ ठरवू नये. शीलवान परका हा त्याच्या हातातला आसूड आहे, फटका रोमन ख्रिस्त्यांच्या पाठीवर. करांचा भाग मात्र खरा मानायला हरकत नाही, कारण ऑरोसियसनेही वेगळ्याच हेतूने तेच लिहिले आहे : काही रोमनांना टोळ्यांमधले गरिबीचे स्वातंत्र्य रोमन करांच्या काळजीपेक्षा बरे वाटते.

ग्रीक लेखकांत वाचण्यासारखे काय?

बर्गंडियन ख्रिस्ती झाले आणि ३,००० जणांनी १०,००० हुणांना हरवले, ही सॉक्रेटिसची गोष्ट बोधकथेच्या वळणाची आहे. मौल्यवान आहे तो सोझोमेनचा एक परिच्छेद. हूण सरदार उल्डिनच्या पराभवानंतर त्याच्यासोबतचे स्किरी लोक पकडले गेले. सगळे एकत्र राहिले तर बंड करतील म्हणून काही स्वस्तात विकले, काही फुकट वाटले; अट एवढीच की त्यांनी पुन्हा युरोपात पाय ठेवू नये. आशिया मायनरमधल्या बिथिनियात ऑलिंपस डोंगराच्या पायथ्याशी विखरून शेती करणारे हे लोक आपण पाहिले, असे तो म्हणतो. एप्रिल ४०९ चा एक कायदा सम्राट थिओडोसियसच्या कायदेसंहितेत शिल्लक आहे : स्किरींना जमीनदारांनी अर्ज करून कुळे म्हणून न्यावे, गुलाम करू नये, समुद्रापलीकडच्या प्रांतांत ठेवावे. कायदा ‘गुलाम नको’ म्हणतो आणि सोझोमेन गुलाम म्हणूनच सांगतो. कायद्याची अंमलबजावणी कशी झाली असेल, हे ज्याचे त्याने ओळखावे.

पोप लिओने अटिलाला परत फिरवले का?

हूण राजा अटिला इटलीत घुसला असताना ४५२ मध्ये भेट झाली हे नक्की. प्रॉस्पर श्रेय देव आणि लिओला देतो, पण सोबत माजी कॉन्सल आव्हिएनस आणि माजी प्रीफेक्ट ट्रिजेशियस हे बडे रोमन अधिकारी होते हेही तोच लिहितो, म्हणजे ते सरकारी शिष्टमंडळ होते. हायडेशियसच्या नोंदीत लिओ नाहीच. तिथे दुष्काळ, रोगराई आणि पूर्वेच्या सम्राट मार्सियनने धाडलेले सैन्य आहे. आकाशात तलवार घेतलेले संत ही पुढची भर.

उतारा तपासायचा कसा?

आधी लेखक त्या वर्षी कुठे होता ते पाहा, मग लिहिले कधी. नंतर तोच प्रसंग विरुद्ध पक्षाच्या एका लेखकात शोधा. ऑरोसियस वाचला की झोसिमस, व्हिक्टर वाचला की सहाव्या शतकातला ग्रीक इतिहासकार प्रोकोपियस. मग बायबल आणि व्हर्जिलचे उसने शब्द पेन्सिलीने खुणा करून बाजूला काढा. जे उरेल, विशेषतः किंमत, जागा, हुद्दा, जनावर, ते लेखकाच्या वादाला उपयोगी आहे का ते विचारा. उपयोगी नसेल तर बहुधा खरे.

सगळ्यात जास्त चुका सालांत होतात. प्रॉस्पर त्या त्या वर्षीच्या कॉन्सलांच्या नावांनी मोजतो, हायडेशियस ऑलिंपियाड (चार वर्षांचा गट) आणि सम्राटांच्या राज्यवर्षांनी, ऑरोसियस रोमच्या स्थापनेपासून. ऑरोसियसने रोमची लूट स्थापनेपासून ११६४ व्या वर्षी घातली आहे. आजच्या प्रचलित कोष्टकाने ते साल ४११ येते, ४१० नाही. कोष्टक डोळे झाकून लावू नका.

हूण तर भारतातही आले. या लेखकांना ते ठाऊक होते का?

वरच्या यादीतल्या लेखकांत नाही, पण सहाव्या शतकाच्या मध्याला लिहिणाऱ्या कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती प्रवाशाच्या पुस्तकात आहे. उत्तर भारतातल्या पांढऱ्या हुणांचा राजा गोल्लास युद्धाला दोन हजार हत्ती घेऊन निघतो, असे तो ऐकीव माहितीवर लिहितो. हा मिहिरकुल असावा असे बरेच अभ्यासक मानतात. त्याच पुस्तकात कल्लियाना नावाच्या बंदरात पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद आहे, आणि ते आपल्या मुंबईजवळचे कल्याण असावे असा सर्वसाधारण समज आहे. अटिलाचे हूण आणि हे हूण यांचे नाते किती, यावर एकमत नाही. कॉस्मसने तो प्रश्न मनात आणलेलाही दिसत नाही. त्याला पृथ्वी सपाट आहे हे सिद्ध करायचे होते.